दोन व्याही, तीन भुयारं

मी धरणावर नोकरीला आहे, एवढं खरं. पण धरणावरची माणसं दिवसभर काय करतात याची बाहेरच्या जगाला फारशी कल्पना नसते. मी भातसानगरला भांडारात आहे. बल्ब, झाडू, ग्रीसचे डबे आणि गमबूट आले किती, गेले किती, हे पाहणं माझं काम. धरणाच्या पोटात पाहणीसाठी लांबलचक बोगदा असतो. त्यात उतरणाऱ्यांना मी गमबूट देतो आणि ते वर आले की परत घेतो. स्वतः एकदाच त्या बोगद्याच्या दारापर्यंत गेलो होतो. आतून गार वारा आला आणि मी माघारी आलो. अंधाऱ्या, बंद जागेची मला भीती वाटते. घरात माळ्यावर चढायचं झालं तरी आमची ही, सुलभा, चढते आणि मी खालून स्टूल धरतो.

हे सगळं आमच्या ऋतुजाने सासरी नीट सांगायला हवं होतं. ती एवढंच म्हणाली, "बाबा धरणावर असतात. बोगद्याचं वगैरे बघतात."

पुढे जे घडलं ते या एका वाक्यामुळे.

व्याह्यांच्या गावी जायचं कारण अर्थातच लग्न. ऋतुजा आणि निलेश कल्याणला एकाच ऑफिसात. पसंती त्यांची त्यांनी उरकली होती, मोठ्या मनाने आमच्यासाठी फक्त जागा ठरवणं शिल्लक ठेवलं होतं. तिथेच घोडं अडलं. आमच्या सुलभाच्या मनात शहापूरचं एक कार्यालय बसलेलं. पंखे, आरसे, वधूपक्षाला वेगळी खोली. मुरबाडकडून, म्हणजे निलेशच्या घरून, निरोप आला, लग्न आमच्या दारात, खळ्यात. खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण, जिथे भात झोडतात. मग आमच्याकडून निरोप गेला, तिकडून परत आला. तोंडावर मात्र कोणीच काही बोलेना, कारण व्याह्याला तोंडावर नाही म्हणायचं नसतं. मठ्ठा आंबट निघाला म्हणून रुसलेले आणि पुढे कायमचे दुरावलेले व्याही आमच्या नात्यात आहेत. त्यांच्यात भर पडू नये एवढीच माझी इच्छा.

शेवटी ऋतुजाने निकाल लावला. "बाबा, तुम्ही शनिवारी त्यांच्या गावी जाताय ना? रविवारी संध्याकाळपर्यंत जागा ठरवून या. नाहीतर आम्ही दोघं रजिस्टर करून मोकळे होतो. मग बसा चौघं मिळून पेढे खात."

सुलभाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एकुलती एक मुलगी, आणि ना मांडव, ना अक्षता. रात्रभर धुमसून सकाळी ती मला म्हणाली, "विषय तुम्ही काढायचा. मी काढला तर त्याला भांडण म्हणतात, तुम्ही काढलात तर त्याला बोलणी म्हणतात."

शनिवार: खळं

सापगाववरून मुरबाडकडे निघालो तेव्हा शेतांत भाताची कापणी उरकत आली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेंढ्याचे भारे, वाटेत म्हशी, आणि हवेत तो नव्या पेंढ्याचा गोडसर वास. आमच्या कॉलनीत सगळ्या घरांना एकसारखा सरकारी पिवळा रंग आहे. इकडे कुठे निळं घर, कुठे पोपटी, आणि एका घराच्या गच्चीवर सिमेंटचा गरुड. सुलभा म्हणाली, "बघा, लोकांना हौस असते."

मुरबाड मागे टाकून डोंगराच्या पायथ्याशी गाव लागलं. व्याही काळूराम फाट्यावर उभेच होते. डोक्यावर पांढरी टोपी, पायात नवे बूट, चेहऱ्यावर लगीनघाई. मी गाडीतून उतरतो न उतरतो तोच त्यांनी माझी पिशवी हिसकावली. मी ती परत घेतली. त्यांनी पुन्हा घेतली. असं करता करता पिशवीचा एक बंद तुटला आणि उरलेला बंद धरून आम्ही दोघांनी मिळून ती घरापर्यंत नेली.

विहीणबाई, ताराबाई, दारातच भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. खळं नुकतंच सारवलेलं, मधोमध तुळस, कडेला आंबा. एका बाजूला भाताची रास आणि तिच्यावर उन्हाचा एक तिरका पट्टा. सुलभा दारात थबकली. मला वाटलं चप्पल काढतेय. ती खळ्याकडे बघत होती.

जेवणाचं काय सांगू? तांदळाची भाकरी, इतकी पातळ आणि मऊ की आमच्या घरची भाकरी तिच्यापुढे ठेवली असती तर कौल वाटली असती. वालाचं बिरडं, गावठी कोंबडीचा रस्सा, सुकटीची चटणी. आमच्याकडे पाहुण्याला "अजून घ्या ना" म्हणतात. इथे म्हणत नाहीत, वाढतात. ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात. मी खरोखर हातावरून रस्सा चाटला.

जेवताना दोनदा विषय काढायचं मनात आणलं. पहिल्यांदा ठसका लागला. दुसऱ्यांदा "काळूरामदादा, मी म्हणत होतो…" इथपर्यंत पोचलो.

"म्हायती हाये, सायेब," ते एकदम म्हणाले. "तुमी काय म्हननार ते म्हायती हाये मला. ते मी कवाच ठरवून ठेवलंय."

"ठरवलंत?"

"हो! उद्या सकाळी आपुन भुयारं बघाया जायाचा. तुमी सगला जनम बोगद्यात काढलाव. तुमाला आमच्या खळ्यात बसून काय करमनार?"

सुलभाने पदर तोंडाला लावला. तिला हसू आवरत नव्हतं.

मग भुयारांचा इतिहास कळला. गावामागच्या घळीत डोंगराला तीन भोकं आहेत. फार पूर्वी कोणीतरी साहेब आला, गावातली माणसं कामाला लावून त्याने डोंगर पोखरला आणि एक दिवस गाशा गुंडाळून गेला.

"काय काढत होते?" मी विचारलं.

"कोन म्हनतं सोना, कोन म्हनतं अभ्रक. आमचा आजा होता ना कामाला. तो म्हनायचा, काय नाय गावला त्यांना. गावला असता तर गेले असते काय?"

या विधानात खोट काढणं कठीण होतं. मी विचारलं, भुयारं खोल आहेत का? काळूराम म्हणाले, "तिसरा लय खोल. खास तुमच्यासाठी."

रविवार सकाळ: घळ

निघालो चौघं. विहीणबाईंनी टोपलीत पीठ, तवा, कांदे आणि सुकट घेतलं. "घलीत भाकरी भाजू, तुमी या फिरून." काळूरामांच्या कमरेला एक जाडजूड बॅटरी. मी विचारपूर्वक पांढरे बूट घातले होते.

गावाबाहेर मोळी घेऊन येणारी एक म्हातारी भेटली. आमची वरात बघून ती थांबली.

"कुनीकडं गो तारा?"

"पाव्हने आलेत, भुयार बघाया."

म्हातारीने मला वरून खाली पाहिलं. "काय हरावलं त्यांचा तिकडं?"

मी भुयारांच्या बाबतीत ऐकलेला सर्वांत शहाणा प्रश्न हाच. पण माझं ऐकतो कोण?

घळ मात्र सुंदर, हे माझ्यासारख्या भित्र्यालाही मान्य करावं लागेल. दोन्ही बाजूंना काळा कातळ सरळ उभा, आणि मधून ओढा पायऱ्यापायऱ्यांनी खाली येतो. पावसाळ्यात इथे कोणी फिरकत नाही. आता पाणी घोट्याएवढं. खडकात पाण्याने गरगर फिरून घडवलेले रांजण, काही तर आमच्या घरच्या पिंपाएवढे. एका रांजणात तळाशी गोल गोटे होते, जणू कोणी बटाटे उकडायला ठेवून विसरून गेलंय. वरच्या कपारीतून उंबराचं झाड आडवं वाढलेलं, त्याच्या मुळ्या कातळावरून दोरांसारख्या उतरलेल्या. उन्हाची तिरीप वरून यायची ती थेट पाण्यात आणि पाण्यातून उसळून कातळावर नाचायची. सुलभा साडी खोचून माझ्यापुढे चार दगड टुणटुणत चालली होती. माझा मोबाइल तिच्याकडेच होता. "हलू नका," म्हणत ती फोटो काढत होती. मी हलत नव्हतो, दगड हलत होते.

एका डोहाच्या काठी शेवाळ होतं. पांढऱ्या बुटांनी शेवाळाला नमस्कार केला आणि मी बसलो. कंबरेएवढ्या पाण्यात, पाय पुढे पसरून, आंघोळीला बसावं तसा.

आमच्याकडे कोणी पडलं की लोक आधी हसतात, मग हात देतात. काळूरामांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, टोपी काढून दगडावर ठेवली आणि तेही माझ्या शेजारी पाण्यात येऊन बसले.

"अहो, तुम्ही कशाला?"

"पाव्हना येकटा भिजंल काय?"

बराच वेळ आम्ही दोघं तसे बसून होतो. पाणी बर्फासारखं. आधी उठायचं कोणी? मी म्हटलं, "उठा." ते म्हणाले, "आदी तुमी." शेवटी ताराबाई ओरडल्या, "उठा आता दोगं! म्हशी बऱ्या तुमच्यापरीस. त्या निदान हाकलल्यावर उठतात."

काळूरामांच्या कमरेची बॅटरीही त्या मानपानात पाण्यात बसली होती, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

भुयारं

डोहाच्या थोडं वर, कातळात ती तीन तोंडं. बायकांनी खाली सपाट दगडांवर चूल मांडली. आम्ही दोघं ओले कपडे पिळत वर चढलो.

पहिलं भुयार म्हणजे एक कोनाडा. आत शेळ्यांच्या लेंड्या. मी भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि "हं" म्हटलं. धरणावरचे साहेब असंच करताना मी पाहिलं होतं.

"कसा हाये दगड?" काळूरामांनी आदराने विचारलं.

"घट्ट आहे."

ते खूष झाले. दुसरं भुयार थोडं मोठं, पण लगेच संपलं. छताला पांढऱ्या खड्यांचा एक पुंजका होता, बॅटरीच्या उजेडात साखरेसारखा चमकला. खरंच छान वाटलं. तेवढ्यावर भागलं असतं तर हे लिहायला मी बसलोच नसतो.

तिसऱ्याच्या तोंडाशी उभा राहिलो आणि आतून तोच गार वारा आला. धरणाच्या बोगद्याच्या दारात आला होता, तसाच. मी वाकून बुटाची नाडी पुन्हा बांधू लागलो.

"चला सायेब. आदी तुमी. मान तुमचा."

"छे छे. गाव तुमचं. तुम्ही पुढे."

"मी? तुमच्या पुडं? लोक काय म्हनतील?"

लोक म्हणजे खाली दोन बायका आणि एक खंड्या पक्षी. पण काळूराम हलेनात. मी म्हटलं, "तुमचे आजोबा इथे राबले, पहिला हक्क तुमचा." ते म्हणाले, "तुमी जानकार, पयला पाय तुमचा." असं आम्ही एकमेकांना इतका मान दिला की शेवटी देण्यासारखा मान उरला नाही. मग एकच उपाय होता. दोघं एकदम आत शिरलो आणि तोंडाशीच अडकलो. दोन पोटं, एक भोक. बाजूबाजूने सरकत, श्वास ओढून, कसेबसे आत गेलो.

आत ओल होती. टपटप पाणी पडत होतं. भुयार एका बाजूला वळलं, आम्हीही वळलो. डोक्यावरून काहीतरी फडफडत गेलं.

"वाघळा," काळूराम म्हणाले. आवाज जरा पातळ झाला होता. "काय करत नायत."

त्याच वेळी बॅटरीने एक गचका दिला आणि विझली. काळूरामांनी ती हलवली. तिच्यातून पाणी गळल्याचा आवाज आला.

मी अंधार पाहिलेला आहे. वीज गेल्यावरचा, अमावास्येचा. हा अंधार वेगळा. डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे बोट लावून बघावं लागलं. मी काहीतरी धीराचं बोलणार, तेवढ्यात एक ओला, थंड हात माझ्या हातात आला आणि त्याने माझा पंजा असा आवळला की बोटातली अंगठी रुतली.

"काळूरामदादा?"

"सायेब, तुमी हायत ना?"

"आहे. तुम्ही इथे आधी आला आहात ना?"

टपटप. मग अंधारातून आवाज आला. "खरा सांगू? कवाच नाय. आजा म्हनायचा, आत बाई बसलीय केस सोडून. पोरपनी मनात बसला तो बसला. पन तुमी बोगद्याचं मानूस. तुमाला खळ्यात बसवून कसा चालंल? मंग म्हटला, तुमच्या पाठी पाठी जाईन."

"दादा," मी म्हटलं, "मी भांडारात आहे."

"म्हंजे?"

"बल्ब आणि झाडू सांभाळतो. बोगद्यात मी एकदाही गेलेलो नाही. दारातूनच परत आलो."

पुन्हा टपटप. मग काळूराम हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून. भुयाराने ते हसू घेतलं आणि चारी बाजूंनी परत दिलं. मीही सुटलो. ओल्या कपड्यांत, अंधारात, हातात हात धरून आम्ही दोघं खिदळत होतो.

हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "सायेब, आता इथं कोन नाय. लग्नाचा बोलू काय?"

अंधारात तोंड दिसत नाही, याचा केवढा आधार असतो! तोंडावर बोलायचं नसतं ते तोंड नसलं की बोलता येतं. मी म्हटलं, "मीच बोलतो. लग्न तुमच्या खळ्यातच होऊ दे. काल पाहिलं खळं. मला पसंत आहे."

हात एकदम ताठ झाला. "नाय नाय! मी तर म्हननार होतो, तुमच्या हॉलातच करू. पोरीचा बाप तुमी. तुमचा शब्द मोडून मी खळ्यात कसा नाचू?"

"अहो, पण मी खळं म्हणतोय ना!"

"तुमी आमच्यासाठी म्हनताव. हॉल म्हंजे हॉल!"

"खळंच!"

"हॉल! नायतर लगीनच नको!"

"नको तर नको! पण होईल तर खळ्यातच होईल!"

यातली शेवटची दोन वाक्यं घुमत घुमत भुयाराबाहेर पडली, आणि नेमकी तेवढीच खाली चुलीपाशी पोचली.

आम्हाला कळलं ते असं, की वळणाच्या पलीकडून पांढरा उजेड आला, पाठोपाठ मोबाइल धरलेली सुलभा आणि उलथनं धरलेल्या ताराबाई. उजेड आमच्यावर पडला. दोन व्याही, गळ्याच्या शिरा ताणून ओरडताहेत, आणि हात घट्ट हातात.

"काय झाला? लगीन मोडलाव काय तुमी?" ताराबाईंनी उलथनं आमच्यावर रोखलं.

"मोडलं नाही हो," मी म्हटलं. "मी म्हणतो खळं, हे म्हणतात हॉल."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग सुलभाने विचारलं, "आणि इथेच का उभे आहात? बाहेर का नाही आलात?"

"बॅटरी गेली. अंधारात रस्ता कुठे दिसतोय?"

ती वळणापाशी गेली आणि तिथूनच बोट दाखवलं. मी तिच्याजवळ जाऊन पाहिलं. वळण संपल्या संपल्या भुयाराचं तोंड, त्यातून दिसणारा सुपाएवढा आकाशाचा निळा तुकडा, आणि चुलीचा धूर. आम्ही डोंगराच्या पोटात पार आत पोचलोय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात आम्ही उंबऱ्यातच होतो.

भाकरी

खाली चुलीपाशी आम्हाला वाळत घातलं. ताराबाईंनी भाजलेला कांदा आणि सुकट भाकरीवर ठेवून दिली. तशी चव पुन्हा कुठे लागेल असं वाटत नाही. भीती गेल्यावरची भूक काही वेगळीच असते.

"आता ऐका," सुलभा म्हणाली. "तुम्ही वर मान देत होता तेव्हाच आमचं इथे ठरलं."

"काय ठरलं?"

"लग्न खळ्यात."

मी चाट पडलो. "आणि तुझं कार्यालय?"

"काल ते खळं बघितलं आणि आरसे मनातून उतरले. पण ताराबाईंना हॉल हवा होता."

काळूरामांचा घास हातातच राहिला. "तुला? हॉल?"

ताराबाई भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "घरात इतकी लग्ना झाली. तुमच्या तिनी भावांची, दोगी नणंदांची. एकाचा तरी लगीन बघितला काय मी? मंगलाष्टका मागच्या दारी चुलीवर आयकल्या. अक्षता कवा पडल्या ते भाताच्या टोपापाशी कलला. म्हटला, हॉलात आचारी असतो. माज्या पोराचा तरी लगीन मला खुर्चीत बसून बगू द्या."

काळूराम टोपी काढून हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "मला कवा बोलली नायस."

"तुमी कवा इचारला?"

"म्हणून मी सांगितलं," सुलभा म्हणाली, "लग्न खळ्यात, पण चूल आचाऱ्याकडे. आणि आम्ही दोघी विहिणी पहिल्या रांगेत, खुर्चीत. कोणी उठवायला आलं तर मी बघते त्याच्याकडे."

"हां गो बाय," ताराबाई हसल्या. सकाळपर्यंत ती 'विहीनबाई' होती. आता 'गो बाय' झाली होती.

काळूरामांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. आम्ही दोघांनी दोन दिवस, एक डोह आणि तीन भुयारं खर्ची घालून जे केलं नव्हतं, ते एका परातभर पिठात झालं होतं. सुलभाने तिथूनच ऋतुजाला फोन लावायचा प्रयत्न केला, पण घळीत रेंज नव्हती. तेव्हा ती आणि ताराबाई उड्या मारत पुढे निघाल्या आणि आम्ही दोघं, शेवाळावर एकमेकांचा हात धरून, मागून.

कॉलनीत परतल्यावर मी भुयारांबद्दल सगळ्यांना भरपूर सांगितलं. दगड घट्ट आहे, हेही सांगितलं. माझे पांढरे बूट आता विटकरी झाले आहेत आणि ते मी अभिमानाने दारात ठेवतो.

परवा काळूरामदादांचा फोटो आला. त्यांनी आतापासूनच दोन लाल खुर्च्या आणून खळ्यात मांडल्या आहेत. एकीत ताराबाई बसल्यात, मांडीवर सूप घेऊन वाल निवडताहेत. दुसरी रिकामी, तिच्या पाठीवर एक कोंबडी. फोटोखाली लिहिलेलं, "रिकामी ती आमच्या विहीनबाईंची. पहिल्या रांगेत दोनच मावतात. मंग आपुन दोगांनी बसायचा कुठं?"

मी लगेच उत्तर पाठवलं, "आपल्याला तिसरं भुयार आहे. बॅटरी मी भांडारातून आणतो."